बॅटरीच्या सायकलवरून लोणी काळभोर

आमच्या सोसायटीत हल्ली प्रवासाहून आलं की गच्चीत चहाला बोलावून सगळ्यांना तो सांगायची पद्धत पडली आहे. मुलं आयटीत, आईवडील विमानात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी युरोप सांगितला तेव्हा दोन संध्याकाळी गेल्या आणि तरी इटली राहिलीच. मी लोणी काळभोरला जाऊन आले. तिथं जायला पासपोर्ट लागत नाही, नुसती बस बदलावी लागते. पण मी गेले ती कोथरूडहून माझ्या स्वतःच्या सायकलवरून, एकटी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. तेव्हा माझंही थोडं ऐकून घ्यावं.

सायकल मला नवी नाही. वडील खडकीच्या कारखान्यात होते आणि आम्ही दापोडीला राहायचो. मी कॉलेजात गेले तेव्हा त्यांनी कुणाकडून तरी जुनी लेडीज सायकल आणली. मुलगी शिकली पाहिजे आणि बसच्या रांगेत तिचा वेळ जाता कामा नये, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. वस्तीतल्या लोकांनी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी सवय झाली. मग लग्न झालं आणि मी ह्यांच्या स्कूटरवर मागे बसले ती जवळजवळ चाळीस वर्षं. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसायचं, त्यामुळे मला पुण्याची फक्त डावी बाजू माहीत आहे. टिळक रस्त्याच्या उजव्या हाताला काय काय आहे, हे मला अगदी अलीकडे कळलं.

ह्यांना काचबिंदू झाला. समोरचं सरळ दिसतं, आजूबाजूचं दिसत नाही, संध्याकाळी तर समोरचंही जेमतेम. स्कूटर विकली. त्यानंतर आमचं सगळं जाणं-येणं दुसऱ्याच्या सोयीनं सुरू झालं. रिक्षावाला येतो का, गाडी बुक होते का, शेजारचा मुलगा त्या बाजूला जाणार आहे का. दोन वर्षं मी हे केलं आणि एक दिवस पेन्शनच्या पैशातून बॅटरीची सायकल घेऊन आले. पेडल मारलं की मागून कुणीतरी सीटला हात लावून ढकलल्यासारखं वाटतं. चढ आला तरी गुडघ्याला कळत नाही. ह्यांनी सायकलला एक फेरी मारली आणि विचारलं, "सर्कशीत अर्ज केलायस का?"

पंधरवड्यात मी गतिरोधकावर पडले. कोपर सोललं, बाकी काही नाही. दोन अनोळखी मुलींनी घरी आणून सोडलं. औषध ह्यांनीच लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी बँकेत कर्जाच्या अटी सांगत असत त्या आवाजात अट सांगितली. लोणीला ताईकडे सायकलवरून जाऊन यायचं. जाता-येता कुठूनही, कुणालाही, 'न्यायला या' असा फोन गेला तर सायकल विकायची. नाही गेला तर ते पुन्हा त्या विषयावर अक्षर काढणार नाहीत. मला वाटतं, मी नाही म्हणेन अशी त्यांची खात्री होती. मी हो म्हटलं आणि कपात साखर घातली.

कवडीपाट

निघाले ती सकाळी उजाडल्यावर. थंडीचे दिवस होते. नळ स्टॉप, डेक्कन, टिळक रस्ता, स्वारगेट हे सगळं इतक्या सहज मागे पडलं की मला जरा चोरट्यासारखं वाटायला लागलं. पुलगेटच्या पुढे मात्र मोठ्या गाड्या सुरू झाल्या. बसवाल्यांना सायकल दिसतच नाही, आणि दिसली तर आपण ती रस्त्यातून उचलून बाजूला ठेवावी अशी त्यांची अपेक्षा असते. मी डावी कडा धरून निमूट जात राहिले. रामटेकडीच्या चढावर एक तरुण साध्या सायकलवर उभा राहून पेडल मारत होता. त्याच्या शेजारून मी बसल्या जागी, पाठ सरळ ठेवून, पुढे गेले. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी बरेच दिवस जपून ठेवणार आहे.

हडपसर मी लहान असताना पाहिलं होतं ते भाजीच्या मळ्यांचं. ताईच्या लग्नात आम्ही इथल्या मळ्यातून वांगी नेली होती. आता तिथं काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या खाली गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं-मुली टपरीवर पोहे खात उभी असतात. मीही त्यांच्यात उभी राहून पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं पडलं नाही तर आल्यागेल्याला वाईट वाटतं, इथं शेव घालतात. पोहे मात्र गरम होते.

पुढे कवडीपाटला नदीकडे वळले, कारण तिथं हिवाळ्यात पक्षी येतात असं ऐकलं होतं. नदीवर फेस होता आणि वासही होता, पण पक्षी खरंच होते. बदकं, बगळे, आणि काठावर हाताएवढ्या लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन बसलेली शहरातली तरुण मंडळी. माझी सायकल बघून त्यांच्यातली एक मुलगी उठून आली.

"आंटी, सो कूल! रेंज किती देते?"

मी म्हटलं, मी जेवढी जाते तेवढी देते. तिला ते फार आवडलं. मग तिनं तिच्या कॅमेऱ्यातून मला एक पिवळ्या चोचीचा बगळा दाखवला. इतका जवळ की त्याचा डोळा फिरताना दिसत होता. माझ्या सोबत कुणी असतं तर 'चला, उशीर होतोय' हे वाक्य इथं नक्की आलं असतं. तसं कुणी म्हणणारं नव्हतं, म्हणून मला बघायचा होता तेवढा वेळ मी बगळा बघितला. मला वाटतं ह्या प्रवासात मला जो काही आनंद झाला त्यातला निम्मा त्या बगळ्यापाशी झाला.

लोणी

ताईचं घर गावाच्या कडेला आहे. दाजी पायरीवरच बसले होते. "जय भीम, जय भीम," म्हणत उठले आणि माझ्याकडे न बघता सायकलकडे गेले. सीट दाबून बघितली, चाक फिरवून बघितलं. "लय भारी हाय की," म्हणाले, "पण हिला खायाला काय घालायचं?" मी बॅटरी काढून दाखवली. सीटखालून काढता येते ती, एखाद्या डब्याएवढी, पण जड. ताईनं ती ओट्यावर ठेवायला जागा केली आणि वर एक फडकं टाकलं.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते, बाजरीची भाकरी, आणि कांद्याची पात. आमच्या कोथरूडच्या घरी शेंगोळे करायचे म्हटलं की आधी चर्चा होते, कुणाला पचतं, कुणाला नाही. इथं ताटात वाढतात आणि वाढणारा पुढे निघून जातो. संध्याकाळी ताईनं मला सगळ्या आळीत फिरवून आणलं. मी कशी आले हे प्रत्येक दारात तिनंच सांगितलं आणि प्रत्येक दारात अंतर थोडं वाढत गेलं. शेवटच्या घरी मी जवळजवळ साताऱ्याहून आले होते.

रात्री झोपण्यापूर्वी मी स्वतः चार्जर लावला, बटण दाबलं, लाल दिवा लागलेला बघितला. आता पुढची गोष्ट नीट कळावी म्हणून आमच्या घरचा एक दंडक सांगायला हवा. कारखान्याच्या चाळीत आम्ही वाढलो तेव्हा वडील घरात शिरताना चप्पल काढायच्या आधी जळता दिवा बघायचे. माणूस नाही तिथं बटण चालू दिसलं की ते एक शब्द न बोलता फक्त आमच्याकडे बघत. त्या बघण्याची आम्हा दोघी बहिणींना इतकी धास्ती की आमचा हात आपोआप बटणाकडे जातो. पाहुणी म्हणून गेलेल्या घरीसुद्धा मी दुसऱ्यांचे पंखे बंद करून आलेली आहे.

सकाळी बुद्धवंदना झाली, चहा झाला, आणि मी बॅटरी उचलून सायकलला लावली. हँडलवर चार दिवे लागायला हवेत. दोनही धड लागले नाहीत. चौकशी झाली. ताईनं रात्री ओट्यावरून फडकं फिरवलं तेव्हा बटण चालू दिसलं म्हणून बंद केलं. पहाटे दाजींना ते बंद दिसलं, त्यांना कळलं की हे चालू असायला हवं, त्यांनी चालू केलं. आणि त्यानंतर थोड्याच वेळात अंघोळीला जाताना, अर्धवट झोपेत, मी ओट्यापाशी थांबून ते बंद केल्याचं मला स्पष्ट आठवलं. ताई हसायला लागली ती भिंत धरून. मला मात्र हसू आलं नाही.

ताई म्हणाली, दुपारपर्यंत थांब, तोवर भरेल. पण वीज गेलेली होती आणि दुपारपर्यंत येणार नव्हती. दाजी टेम्पो बघतो म्हणाले. तेही मला नको होतं, कारण टेम्पोतून आलेली सायकल ही 'न्यायला या' म्हणून आणवलेल्या सायकलीपेक्षा फार वेगळी नसते. रात्र पडायच्या आत घरी पोचायचं तर निघायला हवं होतं. अर्धं अंतर तरी बॅटरी नेईल, बाकीचं मी नेईन, असा हिशेब करून मी निघाले.

कॅम्प

हडपसर यायच्या आधीच बॅटरीनं मान टाकली. बॅटरी संपलेली ही सायकल म्हणजे साध्या सायकलपेक्षा दुप्पट जड. काल जी रामटेकडी मी पाठ सरळ ठेवून चढले होते तिच्या ह्या बाजूच्या चढावर आज उतरून ढकलत गेले. भैरोबा नाल्यापर्यंत उजवा गुडघा बोलायला लागला. फोन पिशवीत होता. दर दहा पावलांवर मला तो फोन आठवत होता आणि दर दहा पावलांवर मी त्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावत होते. ह्या सायकलीवाचून माझं पुढचं आयुष्य म्हणजे पुन्हा कुणीतरी त्या बाजूला जाणार आहे का, हे विचारत बसणं. तेवढ्यासाठी मी ढकलत राहिले.

कॅम्पातल्या एका गल्लीत शिलाई मशिनचं दुकान उघडं दिसलं. मशिनं आहेत म्हणजे भिंतीत बटणं असणार. आत पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ शटरची काठी हातात घेऊन उभे होते. मी अडचण सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"दुकान दीड ते चार बंद असतं," ते म्हणाले. "बाहेर लिहिलंय."

मी म्हटलं, मी फक्त बॅटरी आत ठेवते, तुम्ही खुशाल कुलूप लावा, चारला येऊन नेईन.

"बाई, चाळीस वर्षं मेन बंद केल्याशिवाय मी कुलूप लावलेलं नाही. आज मेन चालू ठेवून घरी गेलो तर मला झोप लागायची नाही. आणि मेन बंद केला तर तुमच्या बॅटरीला जाग यायची नाही."

ह्या बाबतीत ह्या माणसाशी वाद घालायचा मला काय अधिकार होता? मी मान खाली घातली आणि सायकल वळवायला लागले. तेव्हा ते म्हणाले, "थांबा. मी जात नाही घरी. इथंच पडतो." त्यांनी शटर अर्धं ओढलं, बॅटरी लावून दिली, मला एक स्टूल दिलं आणि स्वतः बाकावर आडवे झाले. दोन मिनिटांत घोरायला लागले. पाटीवर लिहिलेली वेळ त्यांनी आपल्या बाजूनं पूर्ण पाळली.

घरी जेवायला आले नाहीत म्हणून त्यांच्या पत्नी डबा घेऊन आल्या. त्यांचं नाव शकीलाभाभी, माझ्याच वयाच्या असतील. नवरा झोपलेला आणि एक अनोळखी बाई स्टुलावर, हे दृश्य त्यांनी क्षणभर पाहिलं, मग दारात लावलेली सायकल पाहिली, आणि सगळं समजल्यासारख्या माझ्याशेजारी बसल्या. डब्यात दालचा, म्हणजे चिंच घातलेली डाळ, आणि भात होता. त्यांनी आधी मला वाढलं, मग स्वतः घेतलं, आणि नवऱ्यासाठी, म्हणजे हमीदभाईंसाठी, झाकून ठेवलं. दालच्यात दुधी होता. आमच्याकडे दुधीची भाजी केली की दोन दिवस संपत नाही, इथं मी मागून घेतला. त्यांनी सायकलचं सगळं विचारलं. लहानपणी घोरपडीला भावाची सायकल त्या लपून चालवायच्या, वडिलांनी पाहिलं आणि बंद झालं, हेही हसत सांगितलं.

तेवढ्यात ह्यांचा फोन आला. कुठे आहेस? मी म्हटलं, कॅम्पात, शिलाई मशिनच्या दुकानात. मशिन घेतेयस का, असं विचारलं. नाही म्हटलं, जेवतेय.

"न्यायला कुणाला पाठवू का?" ते म्हणाले.

"नको."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. अट बँकेसारखी लावायची आणि वर स्वतःच मोडायला निघायचं, ह्याचा मला राग आला. जरा बरंही वाटलं.

चारच्या सुमाराला हँडलवर तीन दिवे लागले. घरी पोचायला तेवढे पुष्कळ होते. मी भाभींना म्हटलं, बसा, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. त्यांनी एकदा बाकाकडे पाहिलं, पदर खोचला आणि बसल्या. पहिली दहा पावलं सायकल वाकडीतिकडी गेली, मग सरळ झाली. गल्लीच्या टोकाला त्या थांबतील असं मला वाटलं होतं. त्या थांबल्या नाहीत. उजवीकडे वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

हमीदभाई उठले ते नेमके तेव्हाच. शकीला कुठे गेली, म्हणून मला विचारलं. मी सांगितलं. ते चप्पल न घालता रस्त्यावर आले आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. एवढा वेळ ज्या माणसाचा आवाज एकदाही चढला नव्हता तो येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान पुढे काढून बघत होता. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला नीट ब्रेक लावता येतो का?" मला माहीत नव्हतं. मी स्वतःला विसरून त्यांच्याकडे बघत राहिले. मागे राहणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण तेव्हा मी नेहमी सायकलवर असायची.

भाभी दुसऱ्याच बाजूनं आल्या, सगळ्या मोहल्ल्याला वळसा घालून, घंटी वाजवत. उतरल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. हमीदभाईंनी सायकलचं हँडल माझ्या हातात दिलं. मला म्हणाले, "तुम्ही आता निघा. नाहीतर हीच घेऊन जाईल." विजेचं काही द्यायचं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. भाभींनी रस्त्याला धूळ फार आहे म्हणून स्वतःचा स्कार्फ काढून माझ्या तोंडाला बांधला, पुण्यातल्या मुली गाडीवर बांधतात तसा, डोळे तेवढे उघडे. वरून मी हेल्मेट घातलं. परत करायला ये, म्हणाल्या, म्हणजे येशील.

परत

स्वारगेटपासून गर्दी लागली पण मला तिचं काही वाटलं नाही. नळ स्टॉप ओलांडून आमच्या रस्त्याला लागले तेव्हा उन्हं उतरली होती. बसथांब्यापाशी, अगदी कडेला, काळा चष्मा घातलेले एक गृहस्थ उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येक दुचाकीकडे मान पुढे काढून बघत होते. शर्ट मी इस्त्री केलेला होता. मी त्यांच्यासमोर सायकल थांबवली.

त्यांनी मला पाहिलं. हेल्मेट, स्कार्फ, दोन डोळे. ओळखलं नाही.

"पत्ता विचारायचा असेल तर दुसऱ्याला विचारा," ते म्हणाले. "मला नीट दिसत नाही."

मी काही बोलणार होते, पण तेवढ्यात ते एक पाऊल पुढे आले आणि त्यांचा आवाज बदलला.

"ताई, तुम्ही स्वारगेटकडून आलात का? वाटेत एक बाई दिसल्या का, बॅटरीच्या सायकलवर? चौसष्ट वर्षांच्या आहेत. काही अडलं असेल तरी त्या फोन करायच्या नाहीत. मीच तसं ठरवून दिलंय." थोडं थांबून म्हणाले, "मूर्खपणा केला मी."

मला रडूच आलं. स्कार्फची गाठ मागे होती, ती हेल्मेटमुळे सुटेना. शेवटी तो नुसता हनुवटीखाली ओढला आणि म्हटलं, "अहो, मी आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. माझ्या कोपराला हात लावून बघितला, दोन्ही कोपरांना. मग माझ्या हातून सायकल स्वतःकडे घेतली आणि फुटपाथवरून ती धरून चालायला लागले. मी शेजारून चालत होते. मी विचारलं, केव्हापासून उभे होतात? जेवण झाल्यापासून, म्हणाले. म्हणजे दुपारचा तो फोन त्यांनी इथूनच केला होता.

सोसायटीचं फाटक उघडायला ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वेळी निघशील तेव्हा मला थांब्यापर्यंत सोबत ने. तिथवर एकट्यानं रस्ता ओलांडायला मला भीती वाटते."